पंचवीस नंबरचं दार

इक्बाल,

तुझ्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवते, कोणी बसू नये म्हणून. काल एका गिऱ्हाइकाने ती उचलून टेबलावर ठेवली आणि सहज बसला, तर मी त्याच्यावर केवढ्यानं तरी ओरडले. बिचारा मुलाचा नोकरीचा अर्ज पाठवायला आला होता, तसाच निघून गेला. नंतर खोलीत मी आणि दोन कॉम्प्युटर. मोडेम लावायचं धाडस होईना. त्याची ती किंचाळी ऐकली की तू "लागली, अक्का, लाइन लागली" म्हणायचास. आता ते कोण म्हणणार?

इथल्या पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, पश्चात कोण कोण. त्यात तू कुठेच नाहीस. म्हणून मी लिहायला बसले. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते एकटीनं भांडता येत नाही.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा माझ्या टायपिंग क्लासला घरघर लागली होती. पोरी कॉम्प्युटर क्लासकडे वळल्या होत्या आणि माझी मशीन्स कापडाखाली झाकलेली असायची. तू डिप्लोमा झालेला, टीव्ही दुरुस्त करणारा, जळगावातल्या पिंजाऱ्याचा मुलगा. दारातच म्हणालास, "अक्का, अर्धी खोली द्या. पुढच्या वर्षी टाइपरायटर कोणी विचारणार नाही, ईमेल विचारतील." मी म्हटलं, आधी बस तरी. तू बसला नाहीस. भिंतीवर फोनची वायर कुठून आणायची ते बोटानं आखत उभा राहिलास. पुण्याची नोकरी तू नाकारली होतीस, हे मला खूप नंतर कळलं. कापूस पिंजून पिंजून अब्बांची छाती भरली होती, त्यांना सोडून जाता येत नव्हतं. कधी कधी गिऱ्हाईक नसताना तू खिडकीशी उभा राहून स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षा बघायचास. मी काही विचारायचे नाही. मलाही आईला सोडून कुठे जाता आलं नव्हतं. त्या खोलीत आपण दोघंही एका अर्थानं अडकलेलेच होतो, आणि म्हणूनच जगभर पत्रं पाठवायचा धंदा आपल्याला एवढा आवडला असेल.

तुझा अभिमान एकाच गोष्टीचा. बाकी सगळे लोक आपली मेल आधी नाशिकच्या इंटरनेट कंपनीच्या टपाल-कॉम्प्युटरकडे द्यायचे आणि तो पुढे पाठवायचा. तो इतका मंद होता की सकाळची मेल संध्याकाळी हलायची. तू आपल्या जुन्या मशीनवरच सगळी व्यवस्था केलीस. आपली मेल आपल्या खोलीतून निघायची ती थेट त्या माणसाची पेटी जिथे असेल त्या कॉम्प्युटरच्या दाराशी. "मधे कोणी नाही, अक्का. आपला पोस्टमन आपणच." येणारी मेल तेवढी कंपनीच्या पेटीत पडायची, ती तू तिथून उचलून आणायचास. जाणारी मात्र आपली.

सावद्याचे आबा आले तेव्हा तू त्यांनाही हेच सांगितलंस. केळीचे बागायतदार, स्वच्छ धोतर, टोपी हातात. त्यांची ज्योती लग्न करून अमेरिकेला गेली होती. जाण्याआधी तिला घेऊन ते आपल्याकडे आले होते, तू तिला आपला पत्ता लिहून दिला होतास. दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा आले, एकटे. पोरीचा फोन येत नव्हता. इकडून केला की जावई उचलायचा, "ती झोपलीय" म्हणायचा. मग एके दिवशी आपल्या पत्त्यावर तिची मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, मी ती आबांना मोठ्यानं वाचून दाखवली. फोन कुलपात आहे. पासपोर्ट त्याच्याकडे आहे. टपाल तोच उघडतो. आठवड्यातून एकदा भाजी आणायला पाठवतो, तेवढ्यात ती वाटेवरच्या वाचनालयात शिरते, तिथल्या फुकट कॉम्प्युटरवर बसते.

आबांनी टोपी घातली, काढली. म्हणाले, "हे आजून कोणी वाचते का? त्याच्या वळखीचे लोक हायेत सगळीकडे."

तू छातीवर हात ठेवलास. "आबा, तुमची चिठ्ठी इथून निघाली की थेट तिच्याकडे. मधल्या कुणाच्या हातात पडणार नाही. माझा शब्द."

पण तो शब्द तू जरा मोठाच दिला होतास. तिची पेटी तरी कुणाच्या कॉम्प्युटरवर होती? दुसऱ्याच कंपनीच्या ना? हे मी तुला कितीदा ऐकवलं, आणि तू कितीदा "तो मुद्दा वेगळा" म्हणालास.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. ती लिहायची, आबा सावद्याहून बस पकडून यायचे, सांगायचे, मी टाइप करायचे, तू पाठवायचास. मग तिची ती मेल आली. वाचनालयातल्या बाईंनी तिला विचारलं होतं. अशा बायकांना राहायला एक जागा आहे, पासपोर्ट परत मिळवायला ते लोक मदत करतात. पण एकदा निघाली की त्या घरात परत जाता येणार नाही. "आबा, सावद्याला मला घ्याल का? तुमचं उत्तर आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

आबांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "लिहा बाई. ये म्हना. घर तुह्यंच हाय. लोकायचं मी पाहीन." मी टाइप केलं. तू पाठवलंस. मशीननं मेल घेतली.

पुढच्या आठवड्यात तिनं लिहिलं, आबा, उत्तर नाही. आपण तेच पुन्हा पाठवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात लिहिलं, "समजले. लोकांत तुमची मान खाली जाईल हे मला कळते. पुन्हा विचारणार नाही."

ते मी वाचून दाखवलं. आबा समोर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "मंग आपुन धाडलं ते कुठी गेलं?"

तू मशीनशी बसलास आणि जाणाऱ्या मेलची रांग उघडलीस. सगळं तिथेच होतं, इक्बाल. आबांची दोन्ही उत्तरं, सोनारांच्या पोराची मेल, डाळमिलवाल्यांचे भाव, कॉलेजच्या सरांचा निबंध. एकही मेल खोलीबाहेर पडली नव्हती. मशीन दर तासाला दार ठोठावत होतं आणि पलीकडून होही नाही आणि नाहीही नाही. मेल अडकली की मशीन सूचना द्यायचं, पण आपली लाइन सतत तुटायची, सूचनांचा ढीग पडायचा, म्हणून त्या तूच बंद करून ठेवल्या होत्यास. त्याचं तुला शेवटपर्यंत लागून राहिलं, मला ठाऊक आहे.

तू नाशिकला फोन लावलास आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केलास. पलीकडे कंपनीच्या इंजिनिअर बाई होत्या, तरुण आवाज, दमलेल्या.

"पंचवीस नंबर आम्ही बंद केलाय," त्या म्हणाल्या. मेल ज्या दारानं बाहेर पडते त्याला तो नंबर आहे, हे तू मला हळूच सांगितलंस. "आता कुठल्याच ग्राहकाला थेट बाहेर मेल टाकता येणार नाही. आमच्या टपाल-कॉम्प्युटरमार्फतच पाठवायची."

"का पण? मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. आमच्याच लाइनवरून कुणीतरी हजारो लोकांना जाहिराती पाठवल्या. न मागितलेल्या. तुमच्यासारखंच थेट. आमच्या कॉम्प्युटरला वळसा घालून, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. काम झालं की लाइन तोडायची, पुन्हा लावली की इंटरनेटवर वेगळाच ओळख-नंबर मिळतो. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनी मग काय केलं? आमचे सगळेच नंबर नाकारायला सुरुवात केली. तुम्ही सज्जन आहात हे त्यांना तिकडून दिसत नाही हो. त्यांना फक्त आमचा नंबर दिसतो."

"मग त्या एकाला पकडा."

"कसं पकडू? तो मेल माझ्या हातातून देतच नाही. तुम्ही सगळे माझ्यामार्फत पाठवलंत, तर कोण किती पाठवतोय ते मला दिसेल. एकानं हजार टाकल्या तर त्याच्या एकट्याच्या थांबवीन. मग बाकीच्यांची पत्रं तरी लोक घेतील."

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही पटलं होतं, आपल्याच गिऱ्हाइकांच्या पेट्या त्या जाहिरातींनी तुंबलेल्या मी रोज पाहत होते. एक पत्र उतरवायला वीस निरुपयोगी आधी उतरवायची आणि तोवर फोनचं मीटर फिरत राहायचं. पण मग तू विचारलंस, आणि तुझा आवाज एकदम लहान झाला, "बाई, आम्हाला सांगितलं का नाही?"

मग त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. सगळं घाईत झालं."

आबा हे सगळं ऐकत बसले होते. मी म्हटलं, इक्बाल, तुझ्या मशीनला नाशिकचा रस्ता दाखव, आत्ता. तू हललाच नाहीस.

"मी शब्द दिलाय, अक्का. मधे कोणी नाही म्हणून."

"मग वेबवरच्या फुकट खात्यातून पाठवू."

"तेही दुसऱ्याच्याच हातून."

"अरे, पोस्टातसुद्धा पत्र दहा हातांतून जातं!"

"पोस्टात पाकीट चिकटवलेलं असतं."

मी तुझ्यावर चिडले होते. तुझ्या हट्टामागे नुसता गर्व आहे असं मला वाटत होतं. पण तू वळून आबांसमोर उकिडवा बसलास आणि त्यांना सगळं सांगितलंस. चिठ्ठी आता नाशिकच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर थांबेल, तिथल्या कुणी ठरवलं तर वाचूही शकेल, माझा शब्द मला पाळता येत नाही, तुम्ही म्हणाल तसं करतो. तुला त्या माणसाची परवानगी हवी होती. मला ते तेव्हा वेळकाढूपणाचं वाटलं.

आबा म्हणाले, "अरे पोरा, आख्ख्या जगानं वाचो. पोरीले समजू दे, बाप मेला नाही म्हून."

तू उठलास, मशीनला नाशिकचा रस्ता दाखवलास. मेल गेली. तिचा आठवड्याचा दिवस आला आणि गेला, काही आलं नाही. आबा रोज येऊ लागले. सावद्याहून पहिली बस, बाकावर बसणं, चार वाजता परतीची बस. तू त्यांच्याकडे बघत नव्हतास. मशीनमध्ये डोकं घालून, जे आधीच बरोबर होतं तेच पुन्हा पुन्हा तपासत होतास. तेव्हाचे ते दिवस मला आजही छातीवर बसल्यासारखे वाटतात. आपण काहीच करू शकत नव्हतो. पत्र पोचलं होतं की नाही, तिला घराबाहेर पडू दिलं होतं की नाही, यातलं काहीसुद्धा त्या खोलीत बसून कळण्यासारखं नव्हतं.

मग दोनच शब्द आले. "आबा, निघाले."

आबा रडले नाहीत. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चहा सांगा बाई." तू मागच्या मोरीत तोंड धुवायला गेलास ते बराच वेळ आला नाहीस.

ज्योती हिवाळ्यात परतली. पण तुला आनंद का झाला नाही, हे मी तुला विचारलं होतं. तू एकदा सावद्याला जाऊन आला होतास. म्हणालास, "ती घराबाहेर पडत नाही, अक्का. बाया येतात, काय झालं विचारतात, ती माजघरात जाऊन बसते. एका कुलपातून निघून दुसऱ्या कुलपात आली." मी म्हटलं, हे कुलूप आतून उघडतं, वेळ दे. तू मान हलवलीस, पण पटलं नव्हतं.

त्यानंतर आपलं भांडण रोजच्या चहाबरोबर चालू राहिलं. तू म्हणायचास, एका चोरापायी अख्ख्या गल्लीला कडी घातली. मी म्हणायचे, कडी नाही घातली, गल्लीच्या तोंडाशी राखणदार बसवला, आणि त्याच्यामुळेच आपलं पत्र आज कोणी फेकून देत नाही. हे खरंच होतं, आपली मेल मंद जायची पण पोचायची. तू नाशिकच्या बाईंना सुचवलंस की जे मागतील त्यांचं नाव-गाव लिहून घ्या आणि त्यांच्यापुरतं दार उघडं ठेवा. त्या म्हणाल्या, साहेबांना विचारते. साहेबांचं उत्तर कधी आलं नाही. "बघा," तू म्हणायचास, "चांगल्यासाठीच बंद करतात, अक्का, मान्य. पण ज्याचं दार आहे त्याला विचारत नाहीत, सांगतसुद्धा नाहीत. तो बिचारा आत बसून ठोठावत राहतो." मी बशीत चहा ओतायचे.

मग तुझा ताप. उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तुझ्या बायकोचं, शबानाचं, माहेर धुळ्याचं, तिचे भाऊ तिथे, म्हणून तुला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. रक्ताचाच आजार निघाला, आणि हाताबाहेर गेलेला. मी बसनं आले तेव्हा व्हरांड्यातच शबानाच्या भावानं मला थांबवलं. "अक्का, त्याला काही सांगायचं नाही. कावीळ आहे, उतरेल, असं सांगितलंय. सगळ्यांनी तेच सांगायचं."

मी हो म्हटलं. सगळेच हो म्हणत होते. वॉर्डात तुझ्याभोवती हसरे चेहरे, सफरचंदं, "चार दिवसांत घरी." तू एकेकाकडे बघत होतास. मला ती नजर ओळखीची होती. मशीनकडे तू असाच बघायचास, बाहेरून सगळं ठीक दिसतंय आणि आत काहीतरी अडकलंय असं वाटलं की.

आया आली, "चला, बठ्ठा बाहेर चला, डाक्टरना राउंड शे." सगळे निघाले. तू माझ्या पदराचं टोक धरलंस.

"अक्का, तुम्ही तरी. घरी जाणार का मी?"

दुपार होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. मी व्हरांड्यात दिलेला शब्द मला आठवत होता. पण तू विचारलं होतंस. मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणतात, बाबा."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, मी काय करून बसले. मग तुझी पकड सैल झाली आणि तू म्हणालास, "बरं झालं. मला वाटलं, मला एकट्यालाच तसं वाटतंय." आणि लगेच, "अब्बांना आणा. त्यांच्याशी बोलायचंय. शबानाला मात्र सांगू नका की मला कळलंय."

"का?"

"तिला वाटतंय, मला माहीत नाही म्हणून मी हसतो. तेवढ्यावर ती उभी आहे."

मला राग आला, इक्बाल. तशा वेळीसुद्धा आला. म्हटलं, "मग नाशिकवाल्यांत आणि तुझ्यात फरक काय?"

तू हसलास. ओठ फुटलेले होते, हसताना दुखलं असेल. "त्यांची हजार गिऱ्हाइकं होती, अक्का. त्यांना जमायला हवं होतं. माझी एकच आहे. मला नाही जमत."

मी त्याला उत्तर देणार होते. डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी अब्बा तुझ्याजवळ बसले. त्याच्या पुढच्या दिवशी तू बोलायच्या पलीकडे गेला होतास.

मी तुला सांगितलं, हे तुझ्या मेव्हण्याला कळलं. अब्बांच्या तोंडून गेलं असेल, त्यांचा तो हेतू नव्हता. आता तुझ्या घराचं दार मला बंद आहे. मी मातीच्या दिवशी आले होते, बायकांमध्ये शबाना बसली होती, तिनं माझ्याकडे पाठ केली. मी तिला दोष देत नाही. तिच्या मते मी तुझी उमेद काढून घेतली.

काल संध्याकाळी अब्बा दुकानात आले. जिना चढून दम लागला होता, बोलायला वेळ लागला. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून तो माझ्याशी बोलला. हात धरून बोलला. लहानपणापासूनचं सगळं. म्हणाला, अब्बा, आता कापसाला हात लावू नका. म्हणून मी पिंजायची धनुकली विकून टाकली." जाताना दाराशी थांबले.

"शबाना विचारते," ते म्हणाले. "तुमच्याकडे यायला तिला जड जातं, म्हणून मला पाठवलंय. विचारते, त्याला सगळं कळलं होतं, तुमच्याशी बोलला, माझ्याशी बोलला, मग तिच्याशीच का नाही बोलला? शेवटचे दोन दिवस ती त्याच्यासमोर खोटं हसत बसली, ते आता तिला सहन होत नाही."

मी म्हटलं, उद्या सांगते. ते मान हलवून जिना उतरले.

तू म्हणाला होतास, शबानाला सांगू नका. तो शब्द पाळला, तर ती जन्मभर विचारत राहील आणि उत्तर माझ्यापाशी पडून राहील. मोडला, तर तिला कळेल की तू तिच्यासाठीच ते लपवलंस आणि तूही खोटं हसत होतास. दोघं समोरासमोर बसून, दोघंही. इक्बाल, एवढ्या वर्षांच्या भांडणात तू मला इतकं कधी अडवलं नव्हतंस. आज दुकान उघडलं नाही. पायात चपला घातल्यात, आणि तुझ्या घराकडे निघालेय. तिथे पोचेपर्यंत तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. नाहीतर मी तिला सांगणार आहे.

तुझी
अक्का